सावलीची सूट

रविवार, ३१ मार्च १९५७. रिठद.

आधी हे लिही, की सांगणारी मी आहे आणि लिहिणारी तू. उद्या कोणी वही उघडली तर अक्षर बघून मला शहाणी समजायला नको.

मी गोजराबाई. अक्षराची आणि माझी ओळख झाली नाही, आजवर अंगठ्यावर भागलं. लिहिणारी चतुरा, माझी नातसून, सातवी पास. मी 'मले' म्हणते, ही 'मला' लिहिते. लिही बाई, होऊ दे माझी पुस्तकातली आजी. पण ज्याच्या त्याच्या तोंडचं बोलणं जसं निघालं तसं ठेवायचं, अशी आमची बोली आहे.

वही जगदेवनं दिलेली. जगदेव माझा नातू, हिचा नवरा. पुण्याकडे बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकतो. त्याला ग्लायडर म्हणतात. आमच्या गावात मुकं विमान म्हणतात, कारण ते ओरडत नाही. मोटारीनं दोर ओढून त्याला वर चढवतात, दोर सोडून देतात, मग तापल्या हवेवर ते घारीसारखं गोल गोल फिरतं. तिथे प्रत्येक उड्डाण वहीत मांडावं लागतं. तारीख, वेळ, उंची आणि शेवटी शेरा. संक्रांतीला आला तेव्हा तसली एक कोरी वही त्यानं बायकोला आणली. लोक लुगडं आणतात. ही ती वही उशाखाली ठेवून निजत होती. मी म्हटलं, तो वरचं लिहितो, आपण खालचं लिहू. 'उंची'च्या रकान्यात काय भरू म्हणून चतुरा विचारते. लिही, साडेतीन हात, वाकलेली.

संक्रांतीलाच जगदेवची आणि त्याच्या बापाची बोली झाली. बाप म्हणजे नानाजी, माझा लेक. एप्रिलात अकोल्याला मुक्या विमानांची शर्यत आहे. जगदेव पहिला आला तर तिकडे शिकवणारा म्हणून कायमचा लागेल, राहायला खोली मिळेल, चतुराला घेऊन जाईल. नाही आला तर आखाजीला, अक्षय तृतीयेला, घरी यायचं, वावर बघायचं आणि शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची, जोडी बघायची. मग पुन्हा उडण्याचं नाव नाही.

मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं आहे की तो हरावा. मारुतीला नारळ बोलले आहे. चोरून नवस करायची मला सवय नाही.

इथे चतुराची लेखणी थांबली. शाई सुकली म्हणते.


शुक्रवार, ५ एप्रिल.

जगदेवचं पत्र आलं. चार पानांचं. चतुरानं तीन वाचून दाखवली. चौथ्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, हवामान. हवामान वाचून कानापर्यंत लाल होणारी बाई मी पहिलीच पाहिली.

शर्यतीत तीन जातींची विमानं आहेत. एक खुल्या गटाचं, जर्मनीहून आलेलं, बारीक लांब पंखांचं, हवेत सुईसारखं जातं. मधल्या गटाची तीन. आणि जगदेवचं शिकाऊ गटाचं, दोघं बसतील असं जुनं धूड. हा एकटाच बसणार, पण धूड ते धूडच. अकोल्याहून निघायचं, रिठदला वळायचं, परत अकोल्याला उतरायचं. आमचं गाव वळणासाठी त्यानंच सुचवलं, असं दिसतं. हरलो तर घर जवळ पडावं, असा विचार असेल.

नानाजी पत्र ऐकता ऐकता उठून बसला. गावच्या शंकरपटात तो वीस वर्षं झेंडी धरतो. छकडीला जुंपलेली जोडी दाणीवरून, म्हणजे पळायच्या पट्ट्यावरून, सुटते, तिकडे रेघेवर टेकली की हा झेंडी पाडतो आणि घड्याळवाला घड्याळ थांबवतो. त्याच्या झेंडीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

"हे कोन्तं पट म्हणावं," तो म्हणाला. "दोन दातीची जोडी येगळी पळते, चार दातीची येगळी. वासरू अन् बैल आमी कधी एका पटात धरले काय?"

"एका पटात धरतेत, पण घड्याळ येगळं, मामाजी," चतुरा सासऱ्यासमोर पदर सावरून म्हणाली. "त्याहीचं विमान धिमं हाय, म्हणून त्याहीचा एक तास झाला का पाऊण तास धराचा. जर्मनवाल्याचा तास पुरा. मधल्याचा दोघांच्या मधात. त्याले सूट म्हणतेत. तक्ता छापेल हाय."

"असा तास मले कोणी देल्ला नाई," मी म्हटलं. "तुह्या मामाजीच्या टायमाले दोन दिवस कळा देत होती. दीड दिवसच धरला असता."

नानाजी बैलांकडे निघून गेला.

मला मात्र तो तक्ता चावत राहिला. कोण ठरवतं की वासरू बैलाच्या पाऊण पळतं? कमी धरलं तर वासरावर अन्याय, जास्त धरलं तर बैलावर. संध्याकाळी चतुरा विहिरीवरून दोन घागरी घेऊन निघाली, तशी मी काठी घेऊन तिच्याबरोबर निघाले. म्हटलं, दारापर्यंत शर्यत. ती घागरी उतरवून, पाणी गाळून उभी, तेव्हा मी पोचले. मी म्हटलं, माझ्या एका पावलाला चार धर, आता कोण जिंकलं. तिनं बोटांवर हिशेब केला. "तुमी," म्हणाली. तेव्हापासून सूट ही गोष्ट मला तितकी वाईट वाटत नाही.


मंगळवार, ९ एप्रिल. रामनवमी.

जन्माचा गुलाल उधळून लोक घरी येतात तोच जीप आली. शर्यतीचा पंच, मदनसिंग. फौजेतून निघालेला माणूस, मिशीच्या दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं अशी. त्याला सपाट मोकळी जागा हवी होती. सगळं गाव फिरून शेवटी पटाची दाण पसंत पडली. आमच्या मळ्याला लागूनच आहे. दाणीच्या उगवतीला शेजारच्या खेमाची कडब्याची गंजी, गंजीच्या जरा खाली, दक्षिणेला, आमची विहीर.

दाणीवर पांढऱ्या कापडाची मोठी फुली मांडायची, अकोल्याहून आलेल्या विमानानं कापडाच्या पलीकडे जाऊनच वळायचं, अलीकडून वळलं तर बाद. पंखाखालचा आकडा वाचता यावा म्हणून खाली उतरून यायचं. आकडा आणि वेळ लिहायला शाळेचे रामकिसन गुरुजी, घड्याळ धरायला नानाजी.

"साहेब, एक गोष्ट सांगून ठेवतो," नानाजी म्हणाला. "आमच्या पटाचा नेम हाय. घरची जोडी दाणीवर आली का घरच्यानं पाठ फिरवाची. जगदेव आला का मी घड्याळ गुरुजीच्या हाती देऊन पाठ करीन."

मदनसिंग हसला. म्हणाला, "कर लेना भाई. एका माणसानं काय होते?"

हा नियम माझ्या मालकांनी लावलेला, नानाजीच्या बापानं. मीही दाणीवर बसणार म्हटल्यावर नानाजीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला कशाला पाठ करायला लावता? बाईला तुम्ही दाणीवर उभंच राहू देत नाही, तर तिच्यासाठी नियम कुठून आला? चाळीस पट मी त्या विहिरीच्या आडून पाहिले. मालक रात्रीच्या जेवणाला विचारायचे, कोणाची जोडी आधी टेकली. माझं आणि त्यांचं कधी वेगळं पडलं नाही. त्यांनीच शिकवलं होतं, जोडीच्या शिंगाकडे बघणारा फसतो, खुराकडे बघ. रेघेला खूर टेकतो, शिंग नाही.

फुलीला कापड कमी पडलं. चार घरची धोतरं टाके घालून जोडली. शर्यतीच्या दिवशी अर्धी गल्ली पंचा नेसून फिरणार.


रविवार, १४ एप्रिल.

काही घडलं नाही. तरी लिही, काही घडलं नाही. सकाळपासून तीनदा अंगण झाडलं. घारी मोजल्या, सात. त्यातली एकही पंख हलवत नव्हती. जगदेव म्हणतो ते याच हवेच्या जोरावर. पाच वर्षांचा असताना गोठ्यावरून उडी मारून त्यानं हात मोडून घेतला होता, तेव्हा मी त्याला सुपानं झोडलं होतं. पुरेसं झोडलं नव्हतं.


मंगळवार, १६ एप्रिल.

सगळं नीट लिही, गाळू नको.

दहापासून दाणीवर माणसं. मला गुरुजींच्या टेबलाशेजारी बाज टाकून दिली. चतुरा विहिरीजवळ उभी, पदर दातात.

दुपारी पाऊण वाजला असेल, पहिलं आलं. जर्मन. आवाज नाही, नुसतं लकलकत आलं. मी वर बघितलं नाही. मला बघायची जागा माहीत होती, खाली, खुराची. जमिनीवरून त्याची पुसट सावली पळत आली, धोतरांवरून गेली, पलीकडे वळली. "टेकलं," मी म्हटलं. गुरुजी हसले, त्यांनी वेळ लिहिली. मग एक-सव्वाच्या आत मधल्या गटातली दोन आली. त्यांच्याही सावल्या धोतरांवरून. टेकलं, टेकलं. तिसरं आलंच नाही. ते जऊळक्याच्या शिवारात एका वावरात उतरून बसलं, असं नंतर कळलं.

कोणी कधी सुटायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात जगदेवची शेवटची निघाली होती. पावणेदोनला सुटला असेल. आम्ही बसलो. दोन झाले, अडीच झाले, तीन झाले. माणसं पांगली. नानाजी घड्याळ कानाला लावून बघायचा. मी मारुतीचा नारळ मनात धरून बसले होते. तो हरावा हे माझं मागणं होतं, पण उतरताना पडावा असं मी कधी म्हटलं नव्हतं. मारुतीला एवढं कळत असेल ना, म्हणून सारखी चुळबुळ. चतुरा विहिरीपाशी उन्हात तशीच. सावलीत ये म्हटलं तर तिला ऐकू गेलं नाही.

साडेतीन वाजून पाच मिनिटांनी आलं. इतकं खाली, की पंखांतून सूं असा आवाज ऐकू आला. नानाजीनं घड्याळ गुरुजींच्या हातात कोंबलं आणि पाठ फिरवली. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. गुरुजींनी दुर्बिणीतून आकडा वाचला, "पाच," आणि वेळ लिहायला मान खाली घातली.

मी दाणीकडे बघत होते. सावली धोतरांवर आलीच नाही. ती खेमाच्या गंजीवर चढली, उतरली, आमच्या विहिरीच्या काठाला गेली, तिथे वळली आणि उत्तरेकडे निघून गेली. कापड दोनशे पावलं लांब राहिलं.

तोंडातून निघून गेलं, "नाई टेकलं."

"काय नाई टेकलं, आजी?" गुरुजींनी विचारलं.

"कापड."

गुरुजी सरळ माणूस. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी तसं लिहून घेतलं. नानाजी अजून पाठमोराच होता.

घरी येताना मी चतुराला विचारलं, तुला काय दिसलं. "मले विमानाचं पोट दिसलं," म्हणाली. बस, एवढंच. पोट तर कोणालाही दिसतं.


बुधवार, १७ एप्रिल.

गुरुजी कागद घेऊन काल संध्याकाळी अकोल्याला गेले होते, आज आले. जगदेव सुखरूप उतरला. जर्मनवाल्याला जाऊन यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. मधल्या गटातले सूट धरूनही त्याच्या मागे. जगदेवला साडेतीन तास. पण त्याच्या तासाला पाऊण धरला की होतात अडीच तास आणि वर साडेसात मिनिटं. म्हणजे धुडावर बसून तो अडीच मिनिटांनी पहिला.

आणि शेऱ्यात माझं बोलणं.

"शनवारी मदनसिंग येऊन तुमचा जबाब घेतीन," गुरुजी म्हणाले. "तुमी अंगठा देल्ला का तो बाद."

"जगदेव काय म्हणे?" नानाजीनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हणे, मी लई खाली होतो, उतराले वावर पाहून राह्यलो होतो. कापड पायाखाली गेलं असं वाटलं, पण शपथ नाई घेता येत. आजी नाई म्हणते त नसन टेकलो. तिची नजर चुकत नाई."

 गल्लीतली हिरीबाई ताक मागायला आली होती, ती दारातूनच म्हणाली, "बुढीनं नवस फेडून घेतला वं माय." मी तिला ताक दिलं. आंबट दिलं.

चतुरानं आज हे सगळं न थांबता लिहिलं. शाई सुकली नाही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.


गुरुवार, १८ एप्रिल.

घरात काही झालं तरी कुरडया होतात. गव्हाचा चीक शिजवला, साच्यातून पाडल्या. वाळत घालायला फुलीचीच धोतरं धुऊन अंगणात पसरली. पन्नास वर्षं झाली, वाळवण राखायला काठी घेऊन मी बसते.

चतुराला काहीतरी झालं आहे. भर दुपारी बारा वाजता येऊन विचारते, "आजी, कावळा कोठी हाय?" कावळ्याची सावली धोतरावर होती. मी वर बघितलं, कावळा डोक्यावर. "हा काय," म्हटलं. गेली. साडेतीनला पुन्हा आली. "आजी, कावळा कोठी हाय?" सावली धोतरावर. मी काठी वर उगारली, तर वर कावळा नाहीच. तो तिकडे मावळतीला, गोठ्याच्या पत्र्यावरून येत होता. "तिकडं हाय मेला," म्हटलं. "हो काय," म्हणाली आणि उभी राहिली, जशी मी अजून काही सांगणार आहे.

मला वाटतं हिला दिवस गेले. विचारलं. लाजली नाही, नाही म्हणाली. मग डोक्याला ऊन लागलं असेल. त्या दिवशी विहिरीपाशी उभी होती ना.

वाद घालायची तिची जात नाही. आल्यापासून सासऱ्यासमोर आवाज चढवला नाही, मला कधी 'नाही' म्हटलं नाही. अशी पोरगी परगावी कशी राहील, म्हणून तर मी तो हरावा म्हणते.


शुक्रवार, १९ एप्रिल.

आज पुन्हा साडेतीनलाच येऊन बसली. मी म्हटलं, तुला त्या वेळेला काय भरतं? ती लिंबाकडे बघत बसली. लिंबाची फांदी धोतराच्या वर आली आहे, तिच्यावर कावळा येऊन बसला. ऊन मावळतीकडून, त्याची सावली पार इकडे उंबऱ्यावर पडलेली.

चतुरा म्हणाली, "आजी, कावळा कुरडईले टेकला काय?"

मी उंबऱ्याकडे बघितलं. "नाई टेकला," म्हटलं. "सावली त अथी उंबऱ्यावर."

मी बोलत होते तोवर कावळा फांदीवरून सरळ खाली पडल्यासारखा आला आणि कुरडई घेऊन गेला. धोतराच्या मधोमधची.

मी काठी हातात धरून बसून राहिले.  आम्ही दोघी उंबऱ्याकडे बघत होतो.

बैल जमिनीवर पळतो. त्याचा खूर आणि त्याची सावली एका जागी. ही वरून जाणारी जात. दुपारच्याला सावली पायाखाली पडते, दिवस कलला की दोनशे पावलं लांब जाऊन पडते. जर्मनवाला लवकर आला, त्याची सावली कापडावर. माझा नातू धिमा, उशिरा आला, त्याची गंजीवर. घड्याळात त्याला सूट दिली, आणि मी सावलीत दिली नाही. पन्नास वर्षं कावळे हाकलते आणि हे मला अंगणात माहीत, दाणीवर माहीत नाही.

चतुरा, हे लिहू नको.

लिहिलंस? बरं. राहू दे.

मग हेही लिही, की दिवेलागणीपर्यंत मी गप्प बसायचंच धरून होते. कोणाला काय कळणार? उद्या अंगठा द्यायचा, आखाजीला तो घरी. जबाबात खोटंही काही नाही, सावली कापडावर आली नव्हती हे खरंच आहे. आणि बदलून बोलले तर लोक म्हणतील, आधी नवसासाठी बोलली, आता नातवासाठी बोलते. तीनदा उठले, तीनदा बसले. पाण्याचा तांब्या भरला आणि तुळशीऐवजी चुलीत ओतला. "तिची नजर चुकत नाई," हे तो अकोल्याला पाच माणसांसमोर म्हणाला. स्वतःच्या डोळ्यावर माझा डोळा ठेवला मूर्खानं.

मी चतुराला विचारलं, तुला हे त्याच दिवशी कळलं होतं ना?

म्हणाली, "मी काय सांगू? मले त जायचंच हाय, आजी. माह्यं कोण खरं मानन?"

'जायचंच हाय'. एवढं मोठं वाक्य ती आमच्या घरात पहिल्यांदा बोलली.


शनिवार, २० एप्रिल.

मदनसिंग तीन वाजता आला. बरोबर कागद आणि शाईची डबी. नानाजी आणि गुरुजी बसले. चतुरा दाराआड.

"माताजी, विमान कापडाच्या पलीकडे गेलं नाही, बरोबर?"

"ते मी पाह्यलंच नाई," मी म्हटलं. "मी सावली पाह्यली."

त्यानं कागद खाली ठेवला. "मंगळवारी एक, आज दुसरं? नातवासाठी काय, माताजी?"

"दुसरं नाई. सावली जथी होती तथीच हाय. गंजीवर चढली, विहिरीच्या काठाले वळली. आज सांगते, उद्याही तेच सांगीन. पण सावली म्हणजे विमान नोहे. चाल दाणीवर. तुह्या घड्याळात साडेतीन होऊन राह्यले."

मिशी थोडी हलली. उठला.

जगदेवच्या विमानात एक डबी बसवलेली असते म्हणे. आत काजळी धरलेला कागद फिरतो आणि सुई त्याच्यावर उंची खरवडत जाते. तिलाही अक्षर येत नाही, पण तिचा जबाब चालतो. साडेतीन वाजून पाच मिनिटांना तिनं पाचशे फूट खरवडले होते. मदनसिंगनं ते पाकिटातून काढून पाहिलं. मग नानाजीच्या झेंडीचा सहा हाती बांबू दाणीवर सरळ उभा केला. पस्तिसाव्या मिनिटाला त्याची सावली मोजली. सात हात, गंजीच्या दिशेनं. वाकून त्यानं मातीतच गुणाकार केला.

"पाचशे फुटांवर सावली जवळ जवळ सहाशे फूट लांब पडणार," तो म्हणाला. "माझी दोनशे पस्तीस पावलं. माताजी, विहिरीवर नेमकी जागा दाखवा."

मी दाखवली. पाणी ओढायच्या चाकाच्या उजव्या अंगाचा दगड, जिथे चतुरा उभी होती. तो तिथून मावळतीला, बांबूच्या सावलीच्या उलट वाटेनं, चालायला लागला. मोजायला कोणीतरी हवं होतं. नानाजीनं मोजायला तोंड उघडलं आणि मिटलं. नेम त्याच्या लक्षात आला, त्यानं पाठ फिरवली.

तेव्हा आमच्या मागोमाग आलेली चतुरा विहिरीवरून मोजायला लागली. मोठ्यानं. सासरा ऐकत असताना, गुरुजी ऐकत असताना, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी. शंभर. दीडशे. दोनशे. मदनसिंग फुलीच्या जागेच्या खालच्या, दक्षिणेच्या, अंगानं पुढे गेला आणि दोनशे पस्तीसला हिवराच्या झाडाखाली थांबला. तिथून त्यानं मागे फुलीच्या जागेकडे पाहिलं. ती अकोल्याच्या अंगाला मागे राहिली होती, चाळीस पावलं.

"पलीकडून वळला," तो म्हणाला. "चाळीस पावलं जास्तच गेला. एवढं खाली असून."

नानाजी पाठमोराच होता. मी जाऊन त्याच्या खांद्यावर काठी टेकवली. "फिर आता. जोडी गेली निघून," म्हटलं. फिरला. डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. वारा नव्हता.

कागदावर मदनसिंगनं सगळं लिहिलं. गंजी, विहीर, बांबू, पावलं. मी अंगठा दिला. शाई पुसता पुसता त्यानं विचारलं, "माताजी, गप्प बसल्या असत्या तर नातू घरी आला असता ना?"

मी म्हटलं, कुरडया घेऊन जा थोड्या. एक कमी आहे.


गुरुवार, २ मे. आखाजी.

जगदेव काल आला. पहिल्या नंबरचा कागद आणला, नोकरीचा आणला. बापाच्या पाया पडला. नानाजीनं कागद उलटसुलट करून विचारलं, तुमच्याकडे सूट कोण ठरवतं, तो तक्ता मला पाहायचा आहे, पुढच्या पटात दोन दाती आणि चार दाती एकत्र पळवून बघू. गावात आता भांडणं होतील.

पितरांची घागर भरली, पुरणपोळी झाली. मारुतीला बोललेला नारळ तो हरल्यावर फोडायचा होता. मारुतीनं काम केलं नाही, त्याला कशाला द्यायचा? चतुराच्या ओटीत घातला. उद्या सकाळी बंडीनं वाशीम, तिथून रेल्वे.

जेवताना जगदेव म्हणाला, "आजी, पुढच्या आखाजीले येतो."

"म्हणजे वरीसभरानं?"

"हो."

"तुह्या गटाच्या वरसानं का माह्या गटाच्या?"

त्याला कळलं नाही. एवढा पहिला नंबरवाला, पण घास हातात धरून बघत राहिला. चतुरा वाढता वाढता म्हणाली, "त्याहीचं वरीस पुरं. आजीचं एक वरीस म्हणजे पाव धराचं."

तो बोटांवर महिने मोजायला लागला. वैशाख, जेठ, आखाड. "मंग नागपंचमीले येतो," म्हणाला.

"तक्त्यात पाहून सांगतं काय तू?"

"तक्त्यात पाहून."

ही वही मी हिच्या पेटीत टाकायला सांगितली. ती नाही म्हणाली, तुमच्याजवळ राहू द्या म्हणाली. मी काय करू तिचं, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहू? घेऊन जा. तिकडे काय काय होतं ते तू सांगायचं आणि तूच लिहायचं. तुझं 'मले' जसं आहे तसं लिहायचं, सुधारायचं नाही. नागपंचमीला मला वाचून दाखव. चौथं पान गाळायचं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारते. काही लिहू नको. तव्याखालची काजळी आण इकडे, अंगठा देते.